रंगाची ओळ

फोन आला तेव्हा ती उत्तरेच्या खिडकीशी उभी राहून दोन निळ्यांचा तंटा सोडवत होती. एक निळा गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चिंधीचा, दुसरा पिंपातून नुकत्याच निघालेल्या कापडाचा, आणि दोघेही आपणच खरे म्हणून हटून बसलेले. कापड रंगवण्याच्या कारखान्यात छटा जुळवण्यात तिची तेहेतीस वर्षं गेली होती. मध्यंतरी छटा मोजणारं एक यंत्र आलं होतं, पण यंत्राचं आणि तिचं पटलं नाही की मुकादम यंत्रच बंद करून पुन्हा सुरू करायचा. तिला कुणी काही म्हणायचं नाही. फोनवरचा आवाज तरुण बाईचा होता. निसर्ग-संग्रहालयाच्या कीटक विभागातली संग्रहपाल बोलतेय, असं तिने सांगितलं. दादा गेल्यावर महिन्याभरातच वहिनीने त्याच्या चतुरांच्या पेट्या संग्रहालयाला देऊन टाकल्या होत्या, घराला डांबराच्या गोळ्यांचा वास नको म्हणून. त्या पेट्यांची आता छाननी चालली होती. अक्षर लागतंय, तारखा लागतायत, एका ठिकाणी मात्र अडलंय, बाई म्हणाली. "जवळजवळ चाळीस पाकिटांवर रंगाच्या ओळीत रंगच नाहीये. तिथे लिहिलंय, ‘ठमीला विचारायचे’. ही ठमी कोण, तुम्हाला काही कल्पना आहे का?" ती म्हणाली, नाही. इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. बाईने तरीही एकदा येऊन जा म्हणून गळ घातली आणि तिनेही येते म्हणून टाकलं. फोन ठेवून ती पुन्हा खिडकीशी गेली, तर दोन्ही निळे तिला अगदी सारखे दिसायला लागले. आता या डोळ्यांवर विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. कापड बाजूला ठेवायला सांगून ती खुर्चीवर बसून राहिली.

ठमी म्हणजे तीच. अठ्ठावन्न वर्षांच्या, जिना चढताना गुडघ्यांची मनधरणी करणाऱ्या बाईला या नावाने हाक मारली तर ऐकणाऱ्याला हसूच येईल. कारखान्यात ती मावशी होती, नवऱ्याची ‘अगं’, मुलीची आई, आणि कागदोपत्री एक लांबलचक भारदस्त नाव. ठमी म्हणणारा जगात एकच माणूस होता. लहानपणी ती गोल गरगरीत होती आणि कशावरूनही बिनसलं की दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहायची, त्यावरून दादाने ठेवलेलं हे नाव. आईने पोरीच्या जातीला असलं काही चिकटायला नको म्हणून चारचौघांत म्हणायची बंदी केली, तेव्हा तो खाली वाकून कानाशी म्हणायला लागला. त्यामुळे झालं असं की नाव गेलं नाही, फक्त दोघांचं झालं. वहिनीलाही ते माहीत नसावं. तो गेला तेव्हा ते नावही त्याच्याबरोबर गेलं असं तिने धरून टाकलं होतं, आणि आता एका अनोळखी बाईने ते स्वच्छ, कोरड्या आवाजात, चाळीसदा लिहिलेलं म्हणून वाचून दाखवलं होतं. बसमधून घरी जाताना तिला दादाची आठवण आली. नेहमी यायची तशी फोटोतल्यासारखी नाही. त्याच्या सदऱ्याला येणारा शेवाळाचा वास, पाण्यात उभं राहून सुरकुतलेली बोटं आणि तिच्या अंगावर पडणारी त्याची सावली, असं सगळं एकदम अंगावर आलं. तो हवा होता. निदान त्या चाळीसांपैकी एकदा तरी त्याने विचारायला हवं होतं.

ती नऊ वर्षांची होती आणि तो सोळाचा, तेव्हापासून दोघं तळ्यावर जात. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांमागे एक दुर्लक्षित तळं होतं, कडेने लव्हाळी माजलेली. दादा तिला शाळेतल्या मास्तरांपेक्षा कडक शिकवायचा. आधी तो बसतो कसा ते बघ. पंख पसरून बसला तर चतुर, पाठीवर मिटून बसली तर टाचणी. मग डोळे, एकमेकांना चिकटलेत की लांब. मग पंखांच्या मुळाशी डाग आहे का, असला तर केवढा. मग पंखाच्या कडेवरचा तो इवलासा टिपका. मग भिंग घेऊन शिरांची जाळी, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे नराच्या टोकाशी असलेले चिमटे. ती त्याला शेपटी म्हणायची आणि तो दर वेळी न कंटाळता सांगायचा की ती शेपटी नाही, पोट आहे, लांब असलं म्हणून काय झालं. रंग सगळ्यात शेवटी. रंगासारखा लबाड कुणी नाही, तो म्हणायचा. नर तरुण असतो तेव्हा मादीसारखाच पिवळट, वयात आला की लाल, आणि मेला की तासाभरात नर काय, मादी काय, दोघंही चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी. ती मान डोलवायची. आपला भाऊ जगातला सगळ्यात शहाणा माणूस आहे याबद्दल तिला तेव्हा तिळमात्र शंका नव्हती. मग एका दुपारी हाताच्या अंतरावर, हिरव्यागार लव्हाळीच्या टोकावर एक लाल चतुर येऊन बसला. लाल म्हणजे कसा, तर सगळ्या तळ्यात दुसरं काही दिसूच नये असा. ती श्वास रोखून बोट दाखवत होती आणि दादा म्हणत होता, कुठेय? कुठे बसलाय? चतुर उडाला तेव्हा कुठे त्याला हालचाल दिसली आणि त्याने जाळं फिरवलं. पकडल्यावर त्याने तो चिमटीत धरला, बराच वेळ उलटासुलटा केला आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "ठमे, याचा रंग सांग बरं." तिने सांगितला. त्याने लिहून घेतला. त्यानंतर दोघांत त्याबद्दल कधीही काहीही बोलणं झालं नाही, आणि त्यानंतर कायम तसंच चाललं.

रंगाची ओळ ही चतुर पकडणाऱ्यांची रीतच आहे. कागदाची त्रिकोणी घडी घालून पाकीट करायचं, पंख मिटवून चतुर आत सरकवायचा, आणि वर पेन्सिलीने तारीख, वेळ, जागा आणि खाली रंग लिहायचा, तो जिवंत असताना, हातात असताना. नंतर लिहीन म्हणून चालत नाही, कारण नंतर तो रंग कुठेच नसतो. त्या ओळीपुरता तो जगात उरतो. दादा पेन्सिल घेऊन बसायचा आणि ती सांगायची. नुसतं लाल, हिरवं म्हटलेलं त्याला चालायचं नाही. कसलं लाल? मग ती आठवून आठवून सांगायची, ओल्या विटेसारखं, भाजल्यावर दुसऱ्या दिवशी दिसतं तसं, पेन्सिलीच्या डब्याच्या झाकणासारखं, गंजक्या खिळ्याने हाताला लागतं तसं. डोळे वरून जांभळ्या शाईचे, खालून पाणी घातलेल्या शाईचे. तो शब्द न् शब्द लिहायचा, तिच्या चुकांसकट. तिला कळत होतं की ते शब्द त्याला काहीच दाखवत नाहीत. आंधळ्या विश्वासाने तो एक शब्द दुसऱ्याशेजारी ठेवत होता, एवढंच. पण त्याच वेळी आपल्या तोंडून निघालेलं काहीतरी कुणी इतक्या निगुतीने कागदावर ठेवतंय, याचं सुख तिला पुढे कशातच मिळालं नाही. लग्नात नाही, मुलीच्या वेळीही नाही. असं म्हणू नये, पण तिला ते तसं वाटायचं, आणि आता या वयात कुणाची भीड धरायची. तिच्या डोळ्याला जे वळण लागलं ते तिथे लागलं. कारखान्याने फक्त त्याचा पगार दिला.

मोडलं ते ती चोवीस वर्षांची असताना. दादा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होता. परीक्षानळीतल्या रंगांवरून मुलांचे निष्कर्ष तपासायचे तिथे, आणि ते तो कसे तपासायचा देव जाणे, बहुधा बाटल्यांच्या क्रमावरून. त्याचा पहिला मोठा लेख तयार झाला होता, बारा वर्षांच्या नोंदींचा, तळ्यावरच्या सगळ्या जातींचा. तिने तो वाचला. पानोपानी तिचे शब्द होते, जरा इस्त्री केलेले. शेवटी त्याने शिपायाचे आभार मानले होते, प्राध्यापकांचे मानले होते, जाळं शिवून देणाऱ्या शिंप्याचेसुद्धा मानले होते. तिने सरळ विचारलं, आणि माझं? तो गोंधळला. मग म्हणाला की तुझं नाव घातलं तर लोक विचारतील, बहीण काय करत होती? रंग बघायला दुसरं माणूस कशाला लागतं? एकदा कुणी हे विचारलं की माझी नोकरी गेलीच समज. ते खरंच होतं. तिलाही पटलं असतं, त्याने एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माणूस घाबरला की वाटेल ते बोलतो. "डोळे कुणाचे होते हे कोण विचारतं गं?" तो म्हणाला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली नाही. तिने भिंग टेबलावर ठेवलं, चप्पल घातली आणि घरी आली. त्यानंतर ती त्याच्याबरोबर तळ्यावर गेली नाही.

भांडण असं नव्हतंच ते, त्यामुळे मिटवायची सोयही नव्हती. येणं-जाणं राहिलं, आजारपणं झाली, मुलांची लग्नं झाली. दादा तिच्या घरी यायचा, पंख्याखाली बसायचा, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायचा. तिने चतुरांची चौकशी केली नाही, त्याने विषय काढला नाही. वर्षातून एकदा-दोनदा, बहुतेक दुपारी, त्याचा फोन यायचा, आधी रस्त्याकडेच्या बूथवरून, पुढे मोबाइलवरून. आवाजामागे वारा आणि पाखरं असायची, म्हणजे तो बाहेर कुठेतरी असायचा. "तुला एक विचारायचं होतं," तो म्हणायचा. ती म्हणायची, विचार की. मग जरा वेळ वाराच ऐकू यायचा, आणि तो म्हणायचा, काही नाही, राहू दे, वहिनी विचारत होती तू कशी आहेस म्हणून. तिला वाटायचं म्हातारपण, एकटेपण, झालंच तर उसनं काही हवं असेल. तिला वाटायचं की माफी मागायचा प्रयत्न चाललाय आणि जमत नाहीये, तर न जमो, आपण कशाला मदत करायची. आता बसच्या खिडकीतून बाहेर बघताना तिला लख्ख कळलं की तो माफीबिफी काही मागत नव्हता. त्याच्या चिमटीत चतुर असायचा. दुसऱ्या हातात फोन असायचा, आणि तो चतुर हळूहळू तपकिरी होत असायचा.

रविवार उलटल्यावर दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात गेली. कीटक विभाग तळमजल्यावर, मागच्या बाजूला होता. लांबोडकी खोली, भिंतीला लागून पत्र्याची कपाटं, मधे एक मोठं टेबल आणि त्यावर वाकवता येणारा दिवा. संग्रहपाल तिच्या मुलीच्या वयाची, चष्मा डोक्यावर आणि शोधायची टेबलावर. दादाची पाकिटं चपट्या खोक्यांत वर्षावार लावलेली होती, रेशनकार्डं लावावीत तशी. तिने खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं की फोनवर मी खोटं बोलले, ठमी मीच, मी लहानपणी त्याच्याबरोबर जायची. लिहायचं त्याने आणि बघायचं मी, अशी आमची वाटणी होती. संग्रहपाल इतकी खूश झाली की तिने चहा मागवला. मग एकेक पाकीट उघडलं गेलं. चाळीस नव्हती, एक्केचाळीस निघाली, एकतीस वर्षांतली. प्रत्येकात तोच चहाचा चोथा. संग्रहपाल पंखांवरून, चिमट्यांवरून जात ओळखून सांगायची आणि तिच्याकडे बघायची. ती म्हणायची, याची छाती पाटीच्या रंगाची, ओल्या पाटीच्या, आणि पोटावर पांढरी भुकटी, खडू पुसल्यासारखी. याचे पंख मुळाशी मधाचे. ही मादी, हिचं पोट वाळलेल्या गवताचं, बाजूने दोन काळ्या रेघा. ही काही नोंद धरता येणार नाही, संग्रहपालाने आधीच बजावलं होतं, समोर जिवंत नसताना सांगितलेला रंग आम्ही लिहीत नाही. तरी ती विचारत राहिली आणि ही सांगत राहिली. खरं तर ही संग्रहपालाला सांगतच नव्हती. एकेका पाकिटाला उत्तर देताना तिला असं वाटत होतं की फोनमधला वारा थांबलाय आणि पलीकडे तो लिहून घेतोय. एक्केचाळिसावं पाकीट मिटलं तेव्हा तिला आणखी हवी होती.

मग संग्रहपालाने संग्रहालयाकडे आधीपासूनच असलेली एक वेगळी पेटी काढली. छोटी, काचेच्या झाकणाची, आत एकच चतुर आणि त्याला खोचलेल्या टाचणीला लाल कागदाची चिठ्ठी. ज्या नमुन्यावरून एखाद्या नव्या जातीला नाव देतात त्याला अशी चिठ्ठी लावतात, तिने समजावलं. तुमच्या भावाने आयुष्यात एकाच जातीला नाव दिलं, ती ही. तिला हे माहीत नव्हतं. साल बघितलं तर ती तळ्यावर जायची थांबल्यानंतरचं दुसरं वर्ष. जागा दूरची, दगडाच्या बंद पडलेल्या खाणीतलं तळं. नावाचा पहिला भाग नेहमीचाच, वंशाचा. दुसऱ्या भागाने मला दोन वर्षं छळलंय, संग्रहपाल हसत म्हणाली, मला वाटलं गावाचं नाव असेल, नकाशे पालथे घातले, मग वाटलं ओढ्याचं असेल. लेखात खुलासा नाही. आणि परवा ती चाळीस पाकिटं वाचताना ट्यूब पेटली. तिने पेटी पुढे सरकवली. बारीक, तिरक्या लॅटिन अक्षरांत, मागे लॅटिन शेपूट लावलेली, ठमी होती.

तिला ते झेपेना. ज्याने लेखाच्या तळाशी एक ओळ दिली नव्हती, त्याने तिला आख्खी जात देऊन टाकली होती आणि एकतीस वर्षं एका शब्दाने सांगितलं नव्हतं. संग्रहपाल पुढे बोलत होती. अडचण अशी की ही जात एकाच गोष्टीवर उभी आहे. पंख, शिरा, चिमटे सगळं त्या नेहमीच्या लाल चतुरासारखं आहे, तसूभर फरक नाही. फरक फक्त रंगाचा. त्याचा नर वयात आला की लाल होतो. हा बघा, पंखांच्या कडा फाटलेल्या आहेत, म्हणजे चांगला पिकलेला नर आहे, आणि तरी रंगाच्या ओळीत पिवळा. तिने पेटीसोबतचं पाकीट वाचून दाखवलं. ‘पोट कच्च्या लिंबाचं, एक बाजू उन्हात राहिलेल्या.’ तिचे शब्द होते. ती अकरा वर्षांची असताना एका तरुण नराकडे बघून म्हणाली होती. संग्रहपालाने सांगितलं की खाण केव्हाच बुजवली, तिथे आता ट्रक उभे राहतात, दुसरा नमुना मिळणं नाही. काही लोक म्हणतात ही जातच नाही, मोडीत काढा. अशा वेळी दुसऱ्या डोळ्यांची साक्ष असेल तर प्रश्न मिटतो. "तुम्ही त्यांच्याबरोबर होतात," संग्रहपाल म्हणाली आणि तिने कागद ओढून पेन्सिल घेतली. "हा रंग तुम्ही स्वतः पाहिलात ना? नुसतं हो म्हणा, मी लिहिते."

हो म्हणायला काय जात होतं? चतुर चिठ्ठ्या वाचत नाहीत. ट्रकांना फरक पडत नव्हता. जातीच्या नावामागे ते ठेवणाऱ्याचं नाव लिहितात, म्हणजे दादाचं नाव राहिलं असतं, त्याच्या नावाच्या आधी तिचं राहिलं असतं, दोघं एका ओळीत, पुस्तक फाटेपर्यंत. तिला ते हवं होतं, फार हवं होतं, लाज वाटावी इतकं. तिला दिसत होता तो खाणीच्या काठावर एकटा बसलेला, चिमटीत म्हातारा नर धरून. रागावलेला असणार, बघू या हिच्यावाचून जमतं की नाही म्हणून हट्टाने आलेला. जन्मभर त्याला जो मळकट पिवळा दिसत आला तोच त्याला दिसला. इतकी वर्षं त्याच पिवळ्याला लाल म्हणणारं कुणीतरी शेजारी असायचं, त्या दिवशी नव्हतं. ती नव्हती म्हणून तो चतुर लाल झाला नाही. मग त्याने आपल्या आठवणीतून तिचे शब्द काढून त्या ओळीत ठेवले, आणि जे सापडलं त्याला तिचं नाव दिलं. तिच्या नसण्यातून झालेली चूक होती ती, आणि तिलाच वाहिलेली. खरोखरच पिवळा असेल तर? असेलही. आता कुणालाच कळणार नव्हतं. पण पुढच्या वर्षीचं पहिलं पाकीट तिने मघाशीच पाहिलं होतं, आणि त्या वर्षापासून त्याने एकदाही अंदाजाने रंग लिहिला नव्हता. ओळ कोरी ठेवून तो फोन करत राहिला. एक्केचाळीस चतुर निमित्ताचे होते. त्याला विचारायचं होतं ते याच एकाबद्दल, आणि तिने हो म्हटलं असतं तर ते विचारायचं तसंच राहून गेलं असतं.

तिने पेटी जवळ घेतली, दिवा वाकवला आणि त्या तपकिरी, फाटक्या पंखांच्या नराकडे नीट पाहिलं, एखादी छटा पास करताना पाहावं तसं. संग्रहपाल पेन्सिल टेकवून वाट बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "मी तिथे नव्हते."

संग्रहपालाला वाटलं आपला प्रश्न तिला कळला नाही. तिने पुन्हा, सावकाश, समजावून विचारायला सुरुवात केली, पण हिने तिला हाताने थांबवलं.

"लिहून घ्या. त्याला लाल दिसत नव्हता. मी असले की दिसायचा."